मामांच्या प्लेअरमधलं गुणगुणणं

आधीच सांगून ठेवतो, मी असल्या गोष्टी मानणारा माणूस नाही. साखर कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशन बघतो. मीटरचा काटा हलला तर त्याला कारण असतं, आणि ते सापडत नसेल तर शोधणारा कमी पडला, एवढं साधं माझं गणित. या सदरातले अनुभव मी रविवारी चहाबरोबर वाचायचो, बायकोला वाचून दाखवायचो आणि दोघं हसायचो. आज स्वतःच लिहायला बसलोय. हे वाचून कुणी घाबरेल असं वाटत नाही, मीही कधी घाबरलो नाही. पण झालं ते मनातून जात नाही.

मी आष्ट्यात राहतो. घराच्या मागच्या खोलीत माझं कामाचं टेबल आहे. छंद एकच – जुने सीडी प्लेअर उघडायचे, आतले म्हातारे झालेले कॅपॅसिटर आणि आयसी काढून चांगल्यातले बसवायचे, लेन्स साफ करायची, आणि आवाज नव्याला लाजवेल असा करायचा. आमचा एक ग्रुप आहे, त्यात यालाच ‘अपग्रेड’ म्हणतात. एकदा नाद लागला की दुसऱ्याच्या घरातला बंद प्लेअरसुद्धा सुटत नाही.

माझे मामा कोयनानगरला वीज प्रकल्पात होते. रिटायर झाल्यावर तिथंच, हेळवाकच्या बाजूला त्यांनी छोटं घर बांधलं. मूलबाळ नव्हतं. शाळेच्या सुट्ट्या मी त्यांच्याकडेच काढल्या. त्यांच्याकडे एक जुना जपानी सीडी प्लेअर होता, सैन्यातल्या मित्रानं परदेशातून आणून दिलेला. भक्कम, जड, पुढची पट्टी ॲल्युमिनियमची. तिकडे जमीन अधूनमधून हलते, म्हणून मामांनी त्याच्या पायांखाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे घातलेले. संध्याकाळी बासरीवरचा यमन लावायचे आणि बरोबर स्वतः गुणगुणायचे. सुरात कधीच नाही. मामी आतून ओरडायची, “आवं, त्या बासरीवाल्याला तरी वाजवू द्या की!”

गेल्या वर्षी मामा गेले. छातीचं दुखणं होतं, बरेच महिने चाललं. त्या सगळ्या काळात मी एकदाही भेटायला गेलो नाही. कारखान्याचा सीझन, मग मुलीची परीक्षा... कारणं भरपूर होती. गेलो तो एकदम दिवसकार्याला.

त्यानंतर काही महिन्यांनी मामीला बघायला गेलो, तेव्हा प्लेअर तिथंच कपाटावर दिसला. खरं सांगतो, मामीची विचारपूस करता करता माझी नजर त्याच्यावरच होती. त्या काळातलं ते मॉडेल आमच्या ग्रुपमध्ये लोक शोधत फिरतात.

“मामी, मी घेऊन जातो हा. सगळं नवीन घालून देतो.”

“आरं चालतोय की. रोज लावते मी. कशाला उघडतोस?”

“आवाज बसलाय गं त्याचा. असा करून देतो, बासरीवाला समोर बसून वाजवतोय असं वाटेल.”

“मला न्हाई त्यातलं कळत. पर त्याला लय काय करू नगंस,” म्हणाली. मी हो म्हटलं आणि वायरी काढायला लागलो. यमनची सीडी पण बरोबर घेतली, टेस्टिंगला.

उघडायच्या आधी मशीन आहे तसं ऐकायचं, हा माझा नियम. रविवार दुपार होती. बायको आणि मुलगी बाजारात गेलेल्या. हेडफोन घातला, यमन लावला. आवाज अपेक्षेप्रमाणे मळकट. आणि त्या मळकटपणाच्या मागं... कुणीतरी गुणगुणत होतं.

हेडफोन काढला. घरात शांतता. पुन्हा घातला. होतंच. अगदी बारीक, बासरीच्या अर्धा पाऊल मागून येणारं. मशीनची घरघर एका सुरात असते, हे चाल धरून चाललं होतं. बासरी वरच्या षड्जाकडे निघाली की ते तिथं पोचायच्या आधीच थांबायचं, श्वास घेण्याएवढी जागा रिकामी जायची, आणि मग खालच्या सुरावरून पुन्हा सुरू.

तीच सीडी माझ्या दुसऱ्या प्लेअरवर लावली. नुसती बासरी. या प्लेअरमध्ये दुसऱ्या सीड्या लावल्या. काही नाही. सीडीवर आकडेच असतात हो शेवटी! मशीन खराब असेल तर खरखर येईल, गाणं अडकेल... जास्तीचा माणूस कुठून येईल?

मामा आठवले का? आठवले. त्याच क्षणी आठवले. मामीला फोन करून विचारता आलं असतं, तुला काही ऐकू येतं का म्हणून. पण मागवलेले पार्ट समोर पडले होते, हात शिवशिवत होते. जुन्या सर्किटमधली काहीतरी गडबड, असं स्वतःला सांगितलं आणि स्क्रू काढायला घेतले.

काम छान झालं. इतकं छान मी आधी कधी केलं नव्हतं. बासरीच्या भोकावरून सरकणारं बोटसुद्धा ऐकू यायचं. मागचं गुणगुणणं गेलं होतं. बघ, म्हटलं, नॉईजच होता.

प्लेअर घेऊन पाटणमार्गे कोयनेला गेलो. मामीनं चहा ठेवला, भिंतीला टेकून तिच्या जागेवर बसली. मी यमन लावला. सुरुवातीला ती हसली. मग मान थोडी वाकडी करून ऐकायला लागली. मग कप खाली ठेवला आणि पुढं सरकून स्पीकरपाशी बसली. यमन संपला तरी तशीच.

“लय साफ झालंय रं,” ती म्हणाली. मग हळूच, “आन् ह्ये?”

“कोण?”

“ह्ये रं. मागनं म्हणत असायचं न्हवं? रोज. मी चा घेऊन बसायची, इकडचं तिकडचं सांगायची, आन् त्यांचं आपलं चाललेलं असायचं.” तिनं माझ्याकडं बघितलं. “कुनाला बोलले न्हाई मी. तुला आलं असंल की ऐकू. तू तर त्यातलाच हायस.”

तिला माझ्याकडून एक ‘हो’ एवढंच हवं होतं... आणि मी म्हणालो, “भास असेल गं मामी. एकटी असतेस ना, होतं असं.”

ऐकलं होतं म्हणालो असतो, तर ते मीच घालवलं हेही कबूल करावं लागलं असतं. तेवढ्यासाठी मी त्या बाईला वेडं ठरवलं.

“आसंल,” ती म्हणाली. “तू शिकलेला हायस.” आणि पदरानं प्लेअर पुसायला लागली. त्याच्यावर धूळ नव्हती.

आष्ट्याला परत आलो, पण घास गोड लागेना. काढलेले पार्ट भंगारच्या डब्यात होते, ते वेचून काढले. पुढच्या सुट्टीला कोयनेला गेलो, ‘एक काम राहिलंय’ अशी आणखी एक थाप मारून प्लेअर उचलून आणला. जुना प्रत्येक तुकडा होता तिथं परत बसवला. आवाज पुन्हा पहिल्यासारखा मळकट झाला. मागं कुणीही नव्हतं.

तसाच घेऊन गेलो. मामीनं आणि मी शेजारी बसून पूर्ण यमन ऐकला. ती म्हणाली, “बंद कर. नुसती मशीन वाजतीय.”

तेव्हा माझ्याच्यानं राहवलं नाही. “मामी, मी ऐकलं होतं. उघडायच्या आधी. मामाच होते ते. वरच्या सुराला जायच्या आधी थांबायचे, श्वास घ्यायचे, मग खालून धरायचे.”

ती म्हणाली, “तिथं दम तुटायचा त्यांचा. पैलं न्हवतं तसं. दुखणं लागल्यावर.”

दुखणं लागल्यावर मी त्यांना ऐकलंच नव्हतं. माझ्या आठवणीतले मामा वरचा सूर बेधडक चुकवायचे, पण थांबायचे नाहीत.

“मग त्या दिवशी न्हाई का म्हणालास?” तिनं विचारलं. आवाज चढला नव्हता. “तू भास म्हणालास, तवापासनं मी त्यांच्यासंगं बोलायचंच सोडलं. म्हटलं, येड लागलं आपल्याला. आरं, ह्यांना काय वाटलं आसंल?”

मी पाया पडलो. तिनं पाठीवर हात ठेवला. नवे पार्ट पुन्हा घालून देऊ का विचारलं, तर “आता हात लावू नगंस” एवढंच म्हणाली. निघताना डबा भरून दिला. तो नसता दिला तर बरं झालं असतं.

ग्रुपमधल्या एका जाणत्याला नाव न सांगता हे विचारलं. तो म्हणाला, आठवण आवाज तयार करते. असेलही. पण जे मी कधी ऐकलंच नाही, ते मला आठवलं कसं? आणि जुने पार्ट परत घालूनही ते का आलं नाही? ते माझ्या सोल्डरिंगनं गेलं, की मामीनं बोलणं सोडलं म्हणून?

आता दर आठवड्याला संध्याकाळी तिला फोन करतो. पहिले काही महिने फोनवर मागं शांतता असायची. गेल्या पंधरवड्यात एकदा मागं यमन चालू होता. मी मुलीच्या कॉलेजचं सांगत होतो. मामी मध्येच म्हणाली, “जरा थांब हं,” आणि फोन तोंडापासून लांब धरून घरात कुणाला तरी म्हणाली, “आवं, आलेच!”

ती एकटी राहते. कोण आलंय, हे मी विचारलं नाही. “ठेवतो गं मामी,” म्हणालो, आणि ठेवला.