लाईट बिल का वाढलं?

लाईट बिल वाचून कुणी हसलंय असं तुम्ही ऐकलं नसेल. मी मात्र पगार घेऊन हसतो! आमच्या मालकांचा पसारा मोठा. शिरोली एमआयडीसीत चिवडा-मिठाईचा कारखाना, आजऱ्यात काजू, हातकणंगल्यात गोदाम आणि कोल्हापुरात दुकान. सगळीकडची लाईट-पाण्याची बिलं माझ्याकडे येतात. मी ती शेजारी शेजारी मांडतो, जे वेगळं दिसेल ते लाल करतो आणि तिथं फोन लावतो. पलीकडून येणारी उत्तरं काही एक्सेलमध्ये बसत नाहीत, म्हणून ती डोक्यात साठत जातात.

यंदा मालकांनी, म्हणजे आबांनी, जाहीरच करून टाकलं, "ज्याचं बिल उतरंना, त्याचं शटर खाली!" सगळ्यांत लाल होतं हातकणंगले. तिथलं गोदाम सांभाळणाऱ्या वंदनाताईंचं घर याच नोकरीवर चालतं. त्यामुळे हे शटर कुणाच्या डोक्यात पडणार, ते सगळ्यांना ठाऊक होतं.

*

शिरोलीचं पाण्याचं बिल एका महिन्यात दुप्पट झालं. सुपरवायझर अण्णांना फोन लावला.

"अण्णा, एवढं पाणी गेलं कुठं?"

"दसरा न्हवता व्हय? मशिनी धुतल्या की!"

"मशिनींना एवढं लागतं?"

"गाड्याबी धुतल्या."

"अहो, कंपनीचा एकच टेम्पो आहे!"

"पूजंला आल्यालं पावणं चिखलाची गाडी घेऊन माघारी जात्यात व्हय? काय अब्रू ऱ्हाईल आपली?"

मी बिलापुढे शेरा लिहिला: 'अब्रू.'

*

दुकानाचं उलटंच. महिनोन् महिने बिल तेवढंच, एक रुपया इकडचा तिकडे नाही. मीटर आत, कुलपात. रीडिंगवाला सकाळी यायचा, कुलूप बघून जायचा आणि सरासरीचं बिल यायचं. किल्ली मॅनेजर पप्पूच्या खिशात.

"आणि तू कुठं असतोस?"

"तालमीत!"

"मग एक दिवस नको जाऊस."

पप्पूला ते लागलंच. "साहेब, बिल चुकलं तर दुरुस्त हुतंय. खाडा पडला तर वस्तादांस्नी काय सांगू?"

*

एकदा तर असं बिल सापडलं, की ती जागाच ऑफिसात कुणाला माहीत नाही! आम्ही आपले भरतोय. पत्ता शोधत गेलो. दारात ढोल रचलेले, भिंतीवर गणपती मंडळाचा बोर्ड आणि अध्यक्ष म्हणून आबांचा हसरा फोटो.

मी बिल लाल करून आबांपुढे ठेवलं. त्यांनी ते हळूच उलटं करून ठेवलं.

"एक्सेलमधी ओळ लपवता येती न्हवं?"

"येते."

"मग शिकलाईसा कशाला?"

*

हातकणंगल्याच्या गोदामात खव्यासाठी थंड खोली आहे. आबांनी दम दिल्यावर वंदनाताईंनी ऑफिसातला पंखा बंद केला, व्हरांड्यातले दिवे काढले, मोबाईलसुद्धा घरून चार्ज करून आणायला लागल्या. बिल जिथल्या तिथं. मला वाईट वाटलं. आबांना म्हटलं, थंड खोलीची बरोबरी आजऱ्याच्या काजूशी नका करू.

"बिल त्ये बिल!" आबा म्हणाले.

ताईंना ते सांगितलं, तेव्हा त्या रडकुंडीला आल्या होत्या. तरी म्हणाल्या, "साहेब, सगळं बंद करून झालं. आता थंड खोलीला नुसतं 'खोली' म्हनायचं तेवढं ऱ्हायलंय!"

*

आजऱ्याचं बिल मात्र सगळ्यांत कमी. काजू भाजा, वाळवा, काहीही करा, बिल आपलं उतरतंच आहे. इतकं उतरलेलं बिलसुद्धा तपासायला हवं, असं मी आबांना म्हणून पाहिलं. ते ऐकतात कुठं! त्यांनी मीटिंग बोलावली. समोर वंदनाताई, मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी धरून.

"आजऱ्याला जमतंय, मग तुमाला का न्हाय? म्होरल्या म्हैन्यापास्नं आजऱ्यागत करायचं. न्हायतर शटर खाली!"

आणि शिकवणी द्यायला त्यांनी आजऱ्याचे मॅनेजर तानाजीराव यांना फोन लावला. स्पीकर चालू.

"तानाजीराव, तुमचा आकडा बघितला! लई भारी!"

पलीकडचा आवाज एकदम खाली आला.

"आबा... कुणी दावला?"

"कुणी म्हंजे? सायबांनी दावला. सगळ्यांनी बघितलाय. आता हातकणंगल्यालाबी तसाच पायजे!"

"न्हाय न्हाय आबा, चुकलं! पुन्यांदा न्हाय हुयाचं! आत्ता चढतो खांबावर, आत्ता काढतो!"

फोन कट झाला. आबा फोनकडे बघत बसले. मी खिडकीबाहेर बघितलं. वंदनाताई मात्र सकाळपासून पहिल्यांदाच खुर्चीत मागं टेकल्या.

"आबा, मग आमच्यात कवा टाकायचा?"