सिंगापुरात आजोबांना वाढलेलं पान

चांगी विमानतळावर शहाण्या माणसानं कस्टमच्या हिरव्या वाटेनं गुपचूप बाहेर पडावं. मी पडलो निवृत्त प्राध्यापक, त्यामुळे आपण होऊन लाल वाटेकडे गेलो आणि बॅग उघडून दाखवली. काळे तीळ, दर्भ आणि केळीची पानं निघाली.

"हे कशासाठी?" अधिकारी बाईंनी विचारलं.

"आजोबांसाठी."

"ते कुठे राहतात?"

"इथेच. म्हणजे इथेच वारले."

बाईंनी तीळ परत दिले, पण दर्भ आणि पानं ठेवून घेतली. लिटल इंडियात तसली पानं ढिगानं मिळतात हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. मिरजेपासून मी ती बाळासारखी जपत आणली होती.

पर्यटनाला म्हणून मी आलोच नव्हतो. चोआ चू कांगला मुलीकडे उतरायचं हे खरं, पण पाठवलं होतं मिरजेच्या सुमनआत्यानं. तिचे वडील, म्हणजे माझे आजोबा, जन्मठेपेचे कैदी होते. शेताच्या बांधावरून भांडण पेटलं, त्यांनी भावकीतल्या एकाच्या डोक्यात कुदळीचा दांडा घातला आणि तो मेला. तुरुंगात सतरंज्या विणत असताना महायुद्ध आलं. साहेबानं धडधाकट कैदी रांगेत उभे केले आणि बोट दाखवून निवडले. जाणार का, असं त्यांना कुणी विचारल्याचं आमच्या घरात ऐकिवात नाही. बांधावर एक माणूस मारला म्हणून ज्या सरकारनं आत टाकलं, त्याच सरकारनं परक्याच्या बांधावर लढायला बाहेर काढलं. मिरज स्टेशनात गाडी थांबली तेव्हा आजीनं तान्ह्या आत्याला वर उचलून दाखवलं होतं. "तुझ्या बापाच्या पायात बूट होते, बेडी नव्हती," एवढीच काय ती आत्याला वडिलांची ओळख. सिंगापूरला नेल्याचं कळलं; पुढे ते शहर जपान्यांनी घेतलं आणि आजोबांची काही खबर आली नाही. घरच्यांनी गावाला सांगितलं, पटकीनं गेले. माझ्या वडिलांनी त्यांचं श्राद्ध कधी घातलं नाही. कैद्याचं नावही घरात काढायची सोय नव्हती.

"तिथं त्यांना एकदा जेवू घाल," आत्या निघताना म्हणाली. "कावळा शिवला की फोन कर. तोवर मी जेवत नाही."

"आत्या, तुला साखर आहे."

"आहे तर आहे. त्यांनी ऐंशी वर्षं काढली, मी एक दिवस काढीन."

आधी मी क्रांजीच्या युद्धस्मारकात गेलो. हिरवळ इतकी नीटनेटकी की चप्पल काढावीशी वाटते. भिंतींवर हजारो नावं कोरलेली आहेत. आजोबांचं नाव मला सापडलं नाही. ते तिथे नसेल, किंवा चष्मा मुलीच्या फ्रीजवर राहिला होता म्हणूनही असेल. उन्हात भिंतीला नाक लावून फिरणाऱ्या माझा एका जपानी जोडप्यानं अदबीनं फोटो काढला.

दुसऱ्या दिवशी पितृपक्षातला स्वयंपाक मी स्वतः केला. वडे तेलात फुटले, खीर लागली. आजोबा तुरुंगातलं जेवून गेलेले, तक्रार करणार नाहीत, अशी मी समजूत घातली. दुपारी पान खिडकीत ठेवलं. कावळा सोडून सगळं गाव आलं! साळुंक्या आल्या, कबुतरं आली. मुलगी ऋजुता ऑफिसच्या मीटिंगमधून उठून धावत आली.

"बाबा, आत घ्या ते! इथे पक्ष्यांना खायला घातलं तर दंड होतो."

"पक्ष्यांना कुठे? आजोबांना घालतोय."

"हे त्यांना इंग्रजीत सांगून बघा," ती म्हणाली आणि खिडकी लावून घेतली.

मग मी पान फडक्याखाली झाकून लिफ्टनं खाली उतरलो. कावळे इथे कमी आणि जे आहेत ते कायदा पाळणारे. एक दिव्याच्या खांबावर बसला होता. मी हात जोडून म्हणालो, "आजोबा, राहिलेली इच्छा असेल ती पुरी करू, पण या." त्यानं मान वाकडी करून पाहिलं आणि तो पलीकडच्या ब्लॉकवर जाऊन बसला. मी त्याच्यामागे चार इमारती हिंडलो. संध्याकाळ होत आली. तिकडे आत्या सकाळपासून उपाशी, आणि इथे मी पान घेऊन वेटरसारखा फिरतोय. मला स्वतःचीच लाज वाटली.

"अंकल! कॅनॉट फीड लाह!"

इथल्या लोकांसारखा वाक्याला 'लाह' जोडून ओरडणारे, माझ्याच वयाचे एक चिनी गृहस्थ हिरवळीच्या कडेला अर्ध्या चड्डीत उकिडवे बसले होते. त्यांच्यापुढे भात, संत्री, चहाचे इवलेसे पेले आणि पेटत्या उदबत्त्या होत्या. मी त्यांना श्राद्धविधी समजावून सांगितला. वर्गात शिकवायची सवय, त्यामुळे बराच वेळ लागला. शेवटी आजोबांची हकिगतही सांगितली, कैदी होते हेसुद्धा. ते शब्द मी आयुष्यात पहिल्यांदाच परक्या माणसापुढे उच्चारले.

"वॉर टाइम? नो ग्रेव्ह?"

"थडगं नाही," मी म्हणालो.

त्यांनी आपल्या ताटाकडे हात केला. त्यांच्या पंचांगातला सातवा महिना चालू होता. या महिन्यात सगळे मेलेले परत येतात, ज्यांना घर आहे ते घरी जेवतात. हे ताट ज्यांना कुणी नाही त्यांचं. आधी आई वाढायची, आता ते वाढतात.

"युवर ग्रँडफादर शुअर ईट ऑलरेडी लाह," ते म्हणाले. तुझे आजोबा केव्हाचेच जेवलेत. मग त्यांनी ताट सरकवून माझ्या पानाला जागा केली. मला एकदम रडू आलं. त्यांनी माझ्या हातात एक संत्रं दिलं.

वर आलो तर आत्याचाच फोन. "शिवला का रे?"

"हो म्हणा," ऋजुता कुजबुजली.

"नाही शिवला," मी म्हणालो, आणि सगळं सांगून टाकलं. 

"काय वाढतात ते लोक?"

"भात, संत्री, चहा. कधी बदकसुद्धा."

"बदक?" ती म्हणाली. "खात असतील. तुरुंगात कोण देत होतं! म्हणजे उपाशी नव्हते म्हण की."

"नव्हते, आत्या."

"मग मी ताट वाढून घेते."

सर्वपित्री अमावास्येला मी मिरजेला परत पोहोचलो होतो. लोक विचारत होते, सिंगापुरात काय काय पाहिलं? चार इमारती आणि एक कावळा, असं सांगायला जीभ रेटेना. खरं तर आपण ज्याला वाऱ्यावर सोडलं, त्याला तिथलं कोणीतरी नाव न विचारता जेवू घालत होतं, एवढंच मी पाहून आलो.

आत्यानं गच्चीवर दोन पानं मांडायला लावली.

"दुसरं कोणाचं?"

"तिकडच्यांचं. त्यांचा कोणी इकडं चुकून राहिला असला तर?" ती दुसऱ्या पानाकडे वळली. "या हो पाव्हणं, आमच्यात बदक नसतं, गोड मानून घ्या."

मग पहिल्या पानापाशी येऊन ती घुटमळली. "वडिलांना मी काय म्हणत असेन रे?"

"तान्ही होतीस, आत्या. काहीच म्हणत नसशील."

तिनं पदर सारखा केला, आणि शेजारच्या गच्चीवरच्या बायका वळून पाहतील एवढ्या मोठ्यानं हाक मारली, "दादा, जेवायला या!"