पहिला मणी मोजायचा की नाही

उप्सालाच्या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं काढलेल्या गुनव्होरच्या हातातली नळी पिवळीधमक झाली. नळी बिनरंगी राहायला हवी होती.

जिवाणूचं एक एन्झाइम म्हणजे अमिनो आम्लांच्या मण्यांची साखळी; तिच्यातला एकशे बारावा मणी, हिस्टिडिन, गुनव्होरने बदलला होता. कोट्यवधी वर्षांत कुठल्याच जिवाणूने तो बदललेला नाही. तो गेला की एन्झाइम मेलंच, रंग येणारच नाही, असं तिचा प्रमुख तूर्केल लेखात लिहूनही बसला होता. लेख शुक्रवारी जाणार होता.

"नळ्यांची अदलाबदल केलीस की काय, बाई?" कॉफीला बोलवायला आलेला तूर्केल हसला.

गुनव्होरला शंका आली. खरंच केली असेल तर? निवृत्तीला आठ महिने उरले असताना हात चुकायला लागला?

कॉफीबरोबरचा वेलदोड्याचा बन तसाच टाकून तिने कागदावरची साखळी पहिल्या मण्यापासून बोटाने मोजली. एकशे बारा, हिस्टिडिन. शेजारचा एकशे तेरा, तोही हिस्टिडिन! तिने इतरांचे जुने लेख उघडले. पेशी पहिला मणी कापून टाकते, म्हणून त्यांनी तो मोजलाच नव्हता. त्यांचा एकशे बारावा म्हणजे हिचा एकशे तेरावा.

"तूर्केल, आपण शेजाऱ्याला मारलंय रे," ती म्हणाली. "खरा अजून जागेवरच आहे."

तूर्केलने हातातला बन खाली ठेवला. "आकडा मीच दिला होता तुला," तो पुटपुटला. "आणि गुनव्होर, माझ्या मागच्या तिन्ही लेखांतही मी इतरांचेच आकडे घेऊन पहिल्या मण्यापासून मोजलंय."