आधी पोट, की आधी दंड?

सासऱ्यांच्या पश्चात चष्म्याचं दुकान चालवायला आले, तेव्हापासून सगळी गल्ली त्यांना जावईबापूच म्हणायची. दुकानामागच्या अंधाऱ्या खोलीत गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवायचं, नाकावर जड फ्रेम चढवायची आणि भिंगं बदलत विचारायचं, "हे बरं दिसतंय, की हे?" कुणी "दोन्ही सारखंच" म्हणालं की त्यांचं डोकं फिरायचं. "अहो, काहीतरी एक सांगा ना!"

आणि हेच जावईबापू कित्येक महिने स्वतःच्या देहाबद्दल एक साधा निर्णय घेऊ शकत नव्हते.

पंचेचाळिशीत त्यांची आकृती मोठी अजब झाली होती. हातपाय काडीसारखे, आणि मधोमध पोट, जणू कुणी सांभाळायला म्हणून ठेवून गेलंय आणि न्यायला विसरलंय. एकदा ते बनियनवर आरशासमोर उभे असताना बायको म्हणाली, "अहो, तुम्ही बारीक आहात की जाड, ते एकदाचं ठरवा बाई!"

ते जिव्हारी लागलं. मेहुणा व्यायामशाळेत शिकवायचा, त्याला विचारलं. "भावोजी, आधी दंड," तो म्हणाला. "भरपूर खा, वजनं उचला. पोटाचं मागाहून बघू." शेजारचा औषधवाला हे ऐकून खवळला. "वेड लागलंय का? आधी चरबी उतरवा. जेवण निम्मं करा, बाकी काही नको."

जावईबापूंनी दोघांचाही मान राखला. खाण्याच्या बाबतीत ते मेहुण्याचं ऐकायचे, आणि व्यायामाच्या बाबतीत औषधवाल्याचं.

अशात गुडघ्याचं ऑपरेशन होऊन सासूबाई लेकीकडे राहायला आल्या. एरवी त्या लेकाकडे, म्हणजे या मेहुण्याकडेच, असायच्या, पण त्याचं घर तिसऱ्या मजल्यावर आणि इमारतीला लिफ्ट नाही. एका दुपारी बायको कामावर गेलेली, जावईबापू जेवायला घरी आलेले. बाहेरच्या खोलीतून हाक आली, "जावईबापू, जरा हात द्या हो." नव्या सोफ्यात त्या पार रुतून बसल्या होत्या. जावईबापूंनी पाय रोवले, दोन्ही हात धरले आणि ओढलं. सासूबाई अर्ध्या उठल्या, क्षणभर अधांतरी राहिल्या आणि धप्पकन मागे गेल्या. त्यांच्यामागोमाग जावईबापूही, शेजारच्याच गादीत.

आता त्यांनाही उठता येईना. पुढे वाकावं तर पोट आडवं, मांड्यांत तर जोरच नाही. दोन-तीनदा हेलकावे देऊन पाहिले, आणि मग नाद सोडला.

सासूबाईंनी जरा वेळ वाट पाहिली. मग म्हणाल्या, "मला गुडघ्याचं कारण आहे. तुमचं काय?"

जावईबापूंना हसू आवरेना, आणि हसू लागल्यावर तर उठणं आणखीच लांबलं. शेवटी ते घरंगळून खाली गुडघ्यांवर आले आणि टेबलाला धरून उभे राहिले. सासूबाईंना मात्र बायको येईपर्यंत तिथंच बसावं लागलं. जावईबापूंनी त्यांचं ताट तिथंच आणून दिलं.

"खुर्चीतून उठबस करायला सांगितलंय मला," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मी करत नाही. पडायची भीती वाटते हो. लेकीला बोलू नका, ती घाबरेल."

"मी उभा राहीन समोर."

"उभे कशाला? तुम्हीही करा."

"करीन, पण आई, आधी पोट की आधी दंड, हे एकदा..."

"आधी सोफ्यातून उठण्याचं बघा!"

दुसऱ्या सकाळपासून स्वयंपाकघरात दोन लाकडी खुर्च्या समोरासमोर आल्या. आकडे सासूबाई मोजायच्या. स्वतःचे भराभर, जावयाचे सावकाश. पहिल्या दिवशी जावईबापूंच्या मांड्या अशा लटपटल्या की दुकानाच्या पायऱ्या ते कठडा धरून चढले. पुढे मेहुण्याने पाण्याच्या बाटल्या भरून हातांत दिल्या. रात्री सासूबाई गप्पा मारत सावकाश जेवायच्या. त्यांच्या जोडीला बसून जावईबापूंचं तिसऱ्यांदा वाढून घेणं आपोआप बंद झालं.

काही महिन्यांनी पट्ट्याला आतल्या बाजूला नवं भोक पाडावं लागलं, आणि सदऱ्याच्या बाह्या दंडाला जरा घट्ट होऊ लागल्या.

"म्हणजे माझं आधी झालं तरी काय?" त्यांनी मेहुण्याला विचारलं.

"नवशिक्याचं दोन्ही एकदम होऊ शकतं, भावोजी."

"मग हे आधी का नाही बोललास?"

"तुम्ही सुरू करालसं वाटलंच नव्हतं!"

सासूबाई परत लेकाकडे निघाल्या, तेव्हा पोचवायला जावईबापूच गेले. कठड्याला धरून, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकत त्या पुढे, आणि दोन्ही हातांत जड पिशव्या घेऊन जावईबापू मागे, पडल्याच तर सावरता यावं म्हणून अगदी जवळ. तिसऱ्या मजल्यावर पोचून सासूबाईंनी घंटी वाजवली, मागे वळून पाहिलं आणि म्हणाल्या, "पिशव्या ठेवा आता खाली. बघतेय मी, दंड दिसतायत."

जावईबापूंनी पिशव्या आणखी थोडा वेळ धरून ठेवल्या.