खांब कोरडा हाय

जगातल्या साऱ्या सुखदुःखांचा निकाल एका प्रश्नात लावणारा एकच माणूस मी पाहिला आहे, आणि तो माझ्या बायकोचा सख्खा मामा आहे. प्रश्न असा : “मुतलंय काय?” मामा जनावरांचे डॉक्टर. दवाखाना कोल्हापुरात, पण आवाज पार पेठ वडगावापर्यंत. लोक भेटल्यावर ‘जेवलासा काय’ म्हणतात. हे घरच्या कुत्र्यामांजरांची लघवी विचारतात, तीही भर पंगतीत, हातात रश्श्याची वाटी असताना. एकदा आमच्या शेजारच्या काकूंनी त्यांना फोन केला : बोका सारखा वाळूत बसून कण्हतोय, पोट साफ होत नसावं, एरंडेल पाजू का? मामा गरजले, “एरंडेल तुम्ही प्या आन् बोका हिकडं आणा! वाळू भिजलीया का बघितलं काय?” वाळू कोरडी ठणठणीत होती. मूत्राशय टणक मोसंबीसारखं हाताला लागलं. मामांनी नळी घालून वाट मोकळी केली, तेव्हा बोक्यापेक्षा त्यांचाच चेहरा जास्त उजळला. “तुंबलं की इख अंगात भिनतं. उद्या बघू म्हणणाऱ्याचं जनावर उद्याला ऱ्हात न्हाय,” हे त्यांचं ब्रह्मवाक्य.

त्या ब्रह्मवाक्याचा तडाखा मला माझ्याच लग्नात बसला. मांडव गडमुडशिंगीला, बायकोच्या माहेरी. मामांना लेक नाही, त्यामुळे या भाचीच्या पाठीशी मामा म्हणून उभं राहायची हौस त्यांनी तिच्या बारशापासून जपलेली. नवाकोरा फेटा बांधून ते उभे होते. अंतरपाट धरला, मंगलाष्टकं सुरू झाली, आणि गल्लीतला एक बेवारशी कुत्रा मुहूर्तमेढीपाशी येऊन पुन्हा पुन्हा पाय वर करू लागला. शुभकार्यात मेढ बाटवतो म्हणून पाव्हणे खवळले, एकानं काठी उगारली. तेवढ्यात मामा नवरीला सोडून धावले, मेढीला हात लावला आणि ओरडले, “आरं मारू नगासा! खांब कोरडा हाय! येक थेंब न्हाय!”

बायको रडकुंडीला आली. “मामा, अक्षता पडल्यावर जावा की!”

“पोरी, तुझ्या पाठीशी सारं गाव हाय,” मामा फेट्यानं कुत्र्याचं तोंड बांधत म्हणाले, “त्याच्या पाठीशी कोण हाय?”

आणि गेले. मूत्रमार्गात खडा अडकला होता. आधी पाण्याच्या दाबानं तो मागे ढकलला, मग ऑपरेशन करून काढला. कुत्रा जगला आणि मामांच्याच दारात राहिला. बायको मात्र पुष्कळ दिवस मामांशी बोलली नाही. तेव्हापासून लग्नाच्या वाढदिवसाला मामा फेटा बांधून, कुत्र्याला घेऊन येतात आणि ती जेवत असताना तिच्या खुर्चीमागे उभे राहतात. “ऱ्हायलेलं काम हाय,” म्हणतात. मला याचं हसू यायचं.

यंदा मामा एकटेच आले. कुत्रा म्हातारपणानं गेला होता. गुडघे दुखत असूनही ते खुर्चीमागे उभे राहिले. नेहमीचा प्रश्न मात्र कुणाला विचारला नाही. बायकोनं उठून आपल्या पाठीमागे दुसरी खुर्ची ठेवली, मामांना बसवलं, आणि समोरच्या ताटाकडे बघत हळूच विचारलं, “मामा, शेवटपातूर लघवी साफ हुती न्हवं त्याची?”

मामांनी फेट्याचा शेव डोळ्यांना लावला.

“व्हय, पोरी. दारातला खांब रोज वला करत हुता.”