ताप असलेल्या मुलांना आणू नये

मावशीच्या पाळणाघरात भिंतीवर पाच नियम लावलेले होते, आणि पाचही मावशीनेच लिहिले होते, ठसठशीत अक्षरात. पहिलाच नियम: ताप असलेल्या मुलांना आणू नये. नियम लिहायला काय जातं हो? पाळायची वेळ आली की कळतं.

पाळणाघर म्हणजे दोन खोल्यांचं भाड्याचं घर. बाहेरच्या खोलीत सहा गाद्या, भिंतीला सहा खुंट्या, खुंट्यांवर बदलायच्या कपड्यांच्या सहा पिशव्या. सकाळी आठ ते संध्याकाळी सात ही खोली पोरांची. पोरं गेली की गाद्या रचायच्या, फरशी पुसायची, मग कुठे नवरा-बायकोने तिथे जेवायला बसायचं. मावशी कुणाचीच सख्खी मावशी नव्हती. पोरं म्हणायची म्हणून त्यांच्या आया म्हणायला लागल्या, आणि हळूहळू घरमालकही. भाडं वाढवताना मात्र मेल्याला नातं आठवलं नाही.

पैशाचा प्रकार असा, की मूल आलं तर त्या दिवसाचे पैसे, नाही आलं तर नाही. मावशीने एकदा धीर करून सांगून पाहिलं, मूल येवो न येवो, महिन्याचे ठरलेले पैसे द्या. दोन आयांनी दुसऱ्याच दिवशी पिशव्या उचलल्या. रिकाम्या खुंट्या भरायला तीन महिने लागले. तेव्हापासून तिने तो विषय काढला नाही. नवऱ्याचं गोदाम बंद पडलेलं, तो रोज सकाळी काम शोधायला बाहेर पडायचा आणि संध्याकाळी चपला काढताना काहीच बोलायचा नाही. त्यात मागच्या महिन्यात खोकल्याची साथ आली, चार पोरं आठ-आठ दिवस घरी बसली. दुष्काळात तेरावा महिना! भाडं थकलं, आणि घरमालकाने दारातच सांगितलं, पुन्हा असं झालं तर खोली रिकामी करायची. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग कुठून आणणार?

तर त्या मंगळवारी साडेदहाला मावशीने भोंग्याला कडेवर घेतलं. पोर तापलं होतं.

भोंगा दोन वर्षांचा. रडायला लागला की तीन घरं पलीकडचं माणूस खिडकी लावून घ्यायचं, म्हणून हे नाव. त्याची आई एका मोठ्या दुकानात पैसे घ्यायला बसायची. सकाळी तिने त्याला दारातूनच आत दिलं होतं, "आज जरा झोपाळलाय हं मावशी," असं म्हणून, आणि वळून बघितलंसुद्धा नव्हतं.

मावशीने फोन हातात घेतला. फोन केला तर आई येणार, पोराला घेऊन जाणार, एका दिवसाचे पैसे गेले. तेवढंच असतं तर चाललं असतं. पण ताप म्हटलं की गोष्ट बाकीच्या पाच आयांच्या कानावर जाणार, उद्या पाच गाद्या रिकाम्या, आणि पहिली तारीख चार दिवसांवर. नाही केला तर पोर तापाने फणफणतंय. इकडे आड, तिकडे विहीर. तिने फोन खाली ठेवला.

कपाटात तापाच्या औषधाची बाटली होती. बाटलीबरोबरचं मापाचं टोपण कधीच हरवलेलं. मावशीने घरातला मोठा चमचा घेतला, काठोकाठ भरला, आणि लवकर उतरावा म्हणून वर अर्धा आणखी दिला. मनाशी म्हणाली, झाकली मूठ सव्वा लाखाची. अहो, पण मुठीत होतं काय? दुसऱ्याचं पोर!

अर्ध्या तासाने ताप उतरला. मावशीला इतकं हायसं वाटलं की तिने बाकीच्या पाचजणांना आगगाडी करून घरभर फिरवलं, इंजिन स्वतः झाली.

साडेबाराला डबे उघडले. भोंगा उठेना. हलवलं, गालाला ओला हात लावला. त्याने डोळे उघडले, भडाभडा ओकला, आणि परत मान टाकली. रडला नाही. भोंगा ओकतो आणि रडत नाही म्हणजे काय?

अंगावरचे कपडे बदलायला तिने त्याची पिशवी खुंटीवरून काढली. तळाशी एका चड्डीत गुंडाळलेली बाटली होती. चिकट झालेली. तिच्या कपाटातल्या बाटलीवर जे नाव होतं, तेच नाव.

मग तिने फोन लावला.

"सकाळी याला काही औषध दिलं होतंस?"

"नाही मावशी. का?"

"आठवून सांग बाई."

"नाही हो, खरंच नाही. तो बरा होता सकाळी." मागे दुकानाचा गलका ऐकू येत होता. आईचा आवाज अगदी सरळ होता. घाबरलेलं माणूस खोटं बोलताना बोलतं तितका सरळ.

बाटली मावशीच्या हातात होती. वाटलं असतं तर तिने तिथेच आरडाओरडा केला असता, तूच खोटारडी म्हणून मोकळी झाली असती, आणि स्वतःचा दीड चमचा गिळून टाकला असता. कुणाला कळलं असतं? ही गोष्ट तिच्या मनात आली नाही असं मी सांगणार नाही. आली.

"अगं, मी दिलंय," मावशी म्हणाली. "साडेदहाला. दीड चमचा, मोठा. ताप होता त्याला आणि मी तुला कळवलं नाही. आता बोल."

मग आई एकदम बारीक आवाजात म्हणाली, "मी सव्वाआठला दिलं. दुप्पट. दिवसभर पुरावं म्हणून."

मावशीने हाक मारली तशी शिवणकाम करणारी शेजारीण गळ्यात टेप घेऊनच धावत आली. "जा तुम्ही, मी बघते," म्हणाली. मावशी पायात नवऱ्याच्या जुन्या चपला घालून पोराला खांद्यावर टाकून निघाली. दवाखाना तीन चौक पुढे. वाटेत ती सारखी त्याच्या नाकाशी बोट धरत होती. श्वास लागला की चालायची, नाही लागला असं वाटलं की थांबायची.

आई दुकानाचा निळा अंगरखा घालूनच पोहोचली. डॉक्टरीणबाई तरुण होती, पण आवाजात जरब. तिने वेळ विचारली, माप विचारलं, पोराचं वजन करून घेतलं.

"आणि मध्ये पाच-सहा तासही जाऊ दिले नाहीत? हे यकृतावर जातं, माहीत आहे का तुम्हाला?"

डॉक्टरीणबाईने पोराचा हात उघडा केला.

"रक्त आत्ता तपासून उपयोग नाही, औषध घेऊन चार तास व्हावे लागतात. पावणेतीनला घेऊ. सलाईन लावते. तोवर बसा."

बसा म्हणजे काय, ते बसल्यावरच कळतं. पावणेतीनला रक्त घेतलं, त्याचं उत्तर यायला साडेचार. भोंग्याच्या इवल्याशा हाताला पट्टी बांधून सुई लावलेली, आणि मावशी त्या हाताकडे बघून मनातल्या मनात नवस बोलत होती. कुणाला, ते तिलाही ठाऊक नव्हतं. पाळणाघर जाऊ दे, खोली जाऊ दे, भांडी घासीन लोकांची, पण हे पोर उठून बसू दे. मध्येच घरून शेजारणीचा फोन आला, दोन आया लवकर आल्यात आणि मावशी कुठे म्हणून विचारताहेत. "खरं ते सांगा," मावशी म्हणाली आणि फोन बंद केला.

साडेचारला डॉक्टरीणबाई कागद घेऊन बाहेर आली. "धोका नाही. पण नशिबाने वाचलात हं. ताप विषाणूचा आहे, तीन दिवस घरी ठेवा. कुठे पाठवू नका."

आई ढसाढसा रडली. मावशीला रडूही आलं नाही.

सहाला सोडलं. दोघी दवाखान्याच्या पायरीवर बसल्या, पोर आईच्या खांद्यावर झोपलेलं, अंग पुन्हा कोमट.

"मावशी, खरं सांगितलं असतं तर तुम्ही त्याला घेतलंच नसतंत," आई म्हणाली. "भिंतीवर लिहिलंय ना तुमच्या. आणि या महिन्यात माझ्या दोन रजा झाल्यात. तिसरी झाली की ते दुसरी मुलगी ठेवतात."

"घेतलं असतं गं," मावशी म्हणाली. "मला आजचे पैसे हवे होते."

आई तिच्याकडे बघत राहिली. मग पोराला दुसऱ्या खांद्यावर घेत आईने अगदी हळू विचारलं, "मग उद्या आणू?"

मावशीने नाही म्हणायला तोंड उघडलं, आणि दिवसभरात वाटली नव्हती इतकी भीती तिला तेव्हा वाटली, कारण नाही हा शब्द काही केल्या तोंडातून निघेना.