बेटावरचा एक फोन

सकाळचा चहा गाळून झाला, की जगदीश साने कप तसाच झाकून ठेवत आणि आधी फोन लावत. ऑकलंडच्या न्यू लिन उपनगरातल्या त्या दोन खोल्यांच्या युनिटमध्ये शनिवार-रविवार सोडून रोजचा दिवस असाच सुरू होई. फोन पॅसिफिकमधल्या एका बेटावरच्या सरकारी कार्यालयात वाजे. ते बेट म्हणजे एक अख्खा देश. नकाशावर मात्र टाचणीच्या डोक्याएवढा. पलीकडून लोसा नावाची बाई बोले.

"काही कळलं?"

"नाही, मिस्टर साने. इथे पाऊस आहे."

"इथेही."

एवढंच. मग ते थंड झालेला चहा पीत. त्यांची सून सुखदा फार्मसीत कामाला जायच्या गडबडीत केस बांधता बांधता हे ऐके, पण कधी काही विचारत नसे.

त्यांचा मुलगा देवव्रत मालवाहू जहाजावर इंजिनियर होता. पुणे महापालिकेच्या पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेल्या वडिलांना त्यानं २०११ मध्ये इकडे आणलं आणि पुढच्याच वर्षी, जुलैत, हिंदी महासागरात तो रात्रपाळीनंतर जहाजावर सापडला नाही. केबिनमध्ये त्याची चप्पल होती, चार्जरला लावलेला फोन होता. जहाज त्या भागात दिवसभर फिरलं आणि मग आपल्या वाटेनं पुढे गेलं.

जहाजाचा मालक एका देशातला, खलाशी दुसऱ्यातले, माल तिसऱ्यातला. पण जहाजाच्या पाठीवर नाव रंगवलेलं होतं त्या बेटाचं. तिथे नोंदणी स्वस्तात होते म्हणून. झेंडाही तिथलाच. भर समुद्रात अशा जहाजावर काही घडलं, की चौकशीचा पहिला हक्क त्या झेंड्याच्या देशाचा. भारतानं हेच सांगितलं, न्यूझीलंडनंही. जगदीशरावांनी आधी रागानं फोन केला होता.

"तुमच्या देशात माणसं किती? आमच्या कोथरूडच्या एका गल्लीत त्याहून जास्त राहतात."

"म्हणून तर आम्हाला प्रत्येकाचं नाव माहीत असतं," लोसा म्हणाली होती. "तुमच्या मुलाचंही पाठ झालंय आता."

त्या कार्यालयात ती आणि आणखी एक कारकून, दोघंच. जहाजं शेकड्यांनी, आणि त्यातलं एकही त्यांच्या बंदरात कधी आलेलं नाही. तिथला धक्का मासेमारीच्या होड्यांपुरताच. तरी तिनं मालकाला विचारलं, कप्तानाला विचारलं, खलाशांचा माग काढला. उत्तरं येत ती वकिलांची. मग जहाज विकलं गेलं, त्याचं नाव बदललं आणि २०१६ मध्ये ते गुजरातेत अलंगच्या किनाऱ्यावर तोडलं गेलं. चौकशी करायला जहाजच उरलं नाही.

देवव्रत मेला असं तोवर कुणीच म्हटलं नव्हतं. कागदोपत्री तो बेपत्ता होता. जगदीशरावांनी दिवस घातले नाहीत, फोटोला हार घातला नाही. सुखदा छत्तीस वर्षांची झाली. हॅमिल्टनजवळ रोटोटुनात राहणाऱ्या समीरनं तिला लग्नाचं विचारून दोन वर्षं उलटली होती. तोही पुण्याचाच, हॅमिल्टनच्या हॉस्पिटलात नोकरीला. घटस्फोट सहज मिळेल, असं वकील म्हणाला होता. पण जो हरवला त्याच्यापासून घटस्फोट घ्यायचा, हे तिच्या मनाला पटेना. आणि घरात हा विषय काढायचा कसा, तेही कळेना.

२०१८ च्या हिवाळ्यात लोसा कसल्याशा बैठकीसाठी ऑकलंडला आली आणि पत्ता शोधत घरी आली. आवाजावरून वाटायची त्यापेक्षा बरीच थोराड, पायात रबरी चपला. सुखदानं सँडरिंगहॅमच्या भारतीय दुकानातून आणलेली बाकरवडी तिनं आवडीनं खाल्ली. मग हात पुसले.

"कोण दोषी, ते मी आता सांगू शकणार नाही," ती म्हणाली. "पण तो आमच्या झेंड्याखाली होता, म्हणजे तो आमच्यातलाच गेलेला माणूस. मृत्यूचा दाखला आम्ही देऊ. फक्त आमच्याकडे एक रीत आहे. समुद्रात गेलेल्याबद्दल रक्ताच्या माणसाला स्वतःच्या तोंडानं सांगावं लागतं. लिहून चालत नाही."

"काय सांगायचं?"

"की तो मेला."

जगदीशराव उठून खिडकीशी गेले. "मी चौकशी मागितली होती," ते मराठीतच म्हणाले. "आणि ही बाई मलाच बोलायला लावतेय. सुखदा, काय गं हे?"

सुखदा बशी हातात घेऊन उभी होती. तुम्ही म्हणाल तसं, असं म्हणायची तिला सवय होती. तेच ओठांवर आलंही.

"बाबा, मी दमले हो," ती म्हणाली.

त्यांनी तिच्याकडे वळून पाहिलं. मग लोसासमोर येऊन बसले, शर्टाची वरची गुंडी लावली.

"कुठल्याही भाषेत चालेल," लोसा हळूच म्हणाली.

"माझा मुलगा देवव्रत समुद्रात मेला."

तो शब्द घरातल्या कुणी सहा वर्षांत उच्चारला नव्हता. लोसानं मान खाली घातली. सुखदा स्वयंपाकघरात गेली आणि तिथे नळ बराच वेळ वाहत राहिला.

दाखला महिन्याभरात आला. पुढच्या मार्चमध्ये सुखदानं समीरशी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. जगदीशराव साक्षीदार म्हणून उभे राहिले. "चला आमच्याबरोबर," असं दोघांनी परोपरीनं सांगितलं, पण ते न्यू लिनमध्येच राहिले. सकाळी उठून काय करावं, ते त्यांना सुचत नसे. बस स्टेशनावर जाऊन बसत, येणाऱ्या-जाणाऱ्यांना पाहत. जेवण कमी झालं. डॉक्टरांना काही सापडलं नाही.

इथल्या हिवाळ्यात, जूनमधल्या एका रविवारी दोघं हॅमिल्टनहून, वाटेतल्या बॉम्बे हिल्सच्या टेकड्या ओलांडून, येऊन जेवून गेली. त्याच रात्री जगदीशराव झोपेतच गेले. त्या दिवशी निघताना सुखदा दारात घुटमळली होती. "बाबा, आत जा, गार आहे." ते तिथेच उभे राहिले. तिनं गाडीचं दार लावलं तेव्हा वाकून काचेतून म्हणाले,

"समीर, बॉम्बे हिल्सवर धुकं असेल रे. सावकाश घे."